सभ्य वकील

म्युरिएलला जिना उतरता येईनासा झाला, तेव्हा तिच्या नवऱ्याने, क्लेमंटने, गावाबाहेरचं एक बिनजिन्याचं घर पसंत केलं. आता खरेदीच्या कागदपत्रांसाठी वकील हवा होता.

"बाबा, भांडखोर बघा," मुलीने फोनवर बजावलं. "समोरच्याचं डोकं खाणारा."

तिने सुचवलेल्या वकीलबाईंनी क्लेमंटचं वाक्य अर्ध्यात तोडून "कागद आजच पाठवा, उद्या नको!" असं फर्मावलं. क्लेमंटने त्यांना मनातल्या मनात बाद केलं आणि मिस्टर हॅवरिलना काम दिलं. हॅवरिल पत्राच्या शेवटीसुद्धा तसदीबद्दल क्षमा मागत.

अकरा आठवडे काहीच कळलं नाही. विचारावंसं रोज वाटे, पण कामातल्या माणसामागे भुणभुण कशी लावायची? बाराव्या आठवड्यात त्याने दिलगिरी व्यक्त करतच फोन लावला.

"ते घर गेलं हो," हॅवरिल हळहळले. "मालकाने शुक्रवारपर्यंत तुमची सही मागितली होती, नाहीतर दुसऱ्याला देतो म्हणाला. पण तेव्हा बाईसाहेब इस्पितळात होत्या. अशा वेळी तुम्हाला फोन करणं मला बरं दिसेना."

"नाही, नाही, तुमचं बरोबरच आहे," क्लेमंट म्हणाला.

"आता बऱ्या आहेत ना त्या?"

"आहेत. आभारी आहे."

फोन ठेवल्याचा आवाज वर गेला असावा.

"क्लेम, घराचं काही कळलं का?" म्युरिएलने वरून विचारलं.

सहा महिन्यांत पहिल्यांदाच तिचा आवाज इतका उल्हसित वाटत होता. अशा वेळी सांगणं क्लेमंटलाही बरं दिसेना.

"तुझी चौकशी करत होते," तो म्हणाला.