नत्थुजीची विरक्ती

जठारपेठेतल्या त्या खोलीत सकाळचे ऊन फार सावकाश उतरे: आधी कौलांच्या फटीतून, मग खुंटीवरच्या सदऱ्यावर, आणि शेवटी खिडकीच्या गजाला बिलगलेल्या, रंग बदलणाऱ्या घोयरा सरड्यावर. मोतीराम मास्तरांनी त्याचे नाव नत्थुजी ठेवले होते. चार दिवस नत्थुजीने नाकतोड्याला तोंड लावले नव्हते. तो नुसता फरशी उकरत फिरे.

"विरक्ती आली आहे त्याला," मास्तर हळूच म्हणाले. "माझ्यासारखीच."

"कायची विरक्ती?" घरमालकीण गोदाबाई कडाडल्या. "पोट पाहा तिचं! अंडे द्याले जागा पाहून राहिली. माती नाई भेटली त जीव जाईन तिचा, मास्तर!"

"नत्थुजी नर आहे."

गोदाबाईंनी मास्तरांची आंघोळीची एकुलती एक बादली उचलली आणि ज्या बोरीखाली हा सरडा सापडला होता, तिथलीच ओली माती काठोकाठ भरून आणली. "पहिलं बाळंतपण हाय. माहेरचीच माती लागते."

दुपारपर्यंत नत्थुजीने बादलीत बीळ खणले, अंडी घातली, ती नीट बुजवली आणि वर येऊन लागोपाठ सात नाकतोडे फस्त केले.

मास्तर बिनआंघोळीचे खिडकीशी बसून राहिले. त्या खोलीत उदास फक्त तेच होते.