हैदराबादचा शालू

लेक गीतांजलीच्या लग्नाचा बस्ता बांधायला पंचफुलाबाई हैदराबादला निघाल्या. जाताना देगलूरच्या मुज्तबाभाईंच्या कापड दुकानासमोर मुद्दाम थांबल्या आणि त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "इथं काय घ्यावं, पोतेरी?"

परत आल्यावर शालू फॉल लावायला गल्लीतल्या शिवणकाम करणाऱ्या नाझनीनकडं टाकला. "नीट लाव गं. देगलूरचा न्हाई, हैदराबादचा हाय."

नाझनीननं पदर उलटा केला आणि एका जागी बोट ठेवलं.

"काकू, हे रफू माझ्याच हातचं हाय. मुज्तबाभाईंकडं हा शालू फाटका आला होता. मी रफू करून दिलं, पण त्यांनी ठेवला न्हाई. असला माल देगलूरला खपत न्हाई म्हणाले, अन् हैदराबादला वापस धाडला."