दुसऱ्या गाण्यापासून

पालिकेच्या ऋता मॅडमनी आवाज मोजायचं यंत्र संजीवनीबाईंच्या पलंगावर उशीपाशी ठेवलं आणि ओठांवर बोट ठेवून सगळ्यांना गप्प केलं. दाराशी भगवंत भोईर उभा होता. लग्नाचं लॉन चालवणारा, पन्नाशी उलटलेला धिप्पाड गडी, पण सकाळपासून देव पाण्यात घालून बसला होता.

मांजर्लीतलं त्याचं लॉन वीस वर्षांचं, आणि त्याला खेटून उभा राहिलेला हा टॉवर चार वर्षांचा. इकडे लग्न एक वेळ साधं होईल, हळद नाही. हळदीला बँजो वाजायचा आणि टॉवरमधली माणसं उशीत डोकं खुपसून पडून राहायची. पहिली तक्रार तिसऱ्या मजल्यावरच्या संजीवनीबाईंची. कात्रपच्या शाळेत शिकवण्यात जन्म घालवलेल्या बाई, त्यामुळे अर्जात एक काना-मात्रा इकडची तिकडे नव्हती. त्यावरून पालिकेने नवा नियम काढला. मागाहून आलेल्या बिल्डरने बेडरूमला दुहेरी काच लावायची, आधीपासूनच्या लॉनवाल्याने भिंत उंच करायची, स्पीकरचं तोंड नदीकडे ठेवायचं आणि दहाच्या ठोक्याला गप्प बसायचं. एवढं करून उशीपाशी आकडा पंचेचाळीस डेसिबलच्या आत राहिला तर लॉन चालू, नाहीतर कुलूप. भिंत झाली होती, काचा लागल्या होत्या, राहिला होता तो फक्त आकडा.

मॅडमनी मान हलवली. भगवंताने खाली लॉनमध्ये उभ्या असलेल्या चेतनला, बँजो पथकाच्या म्होरक्याला, फोन लावला. "वाजवा."

पहिला ठोका पडला आणि आकडा चाळिशी ओलांडून थेट बावन्नवर जाऊन बसला.

भगवंताने खिडकीच्या काचेला नाक लावलं. खाली पोरांनी स्पीकरची ट्रॉली उलटी फिरवली होती. नदीकडे पाठ आणि तोंड सरळ टॉवरकडे.

"अरे चेतन, काय करतोस? नदीकडं फिरव ना!"

"काका, पहिलं गाणं आईचं हाय," चेतन फोनवर म्हणाला. "आईला पाठ दाखवून कसा वाजवू?"

गावदेवीचं देऊळ टॉवरच्या पलीकडे. हळद कुणाचीही असो, पहिलं गाणं देवीचं, आणि तेही देवळाकडे तोंड करून. त्याच्या स्वतःच्या हळदीलाही तसंच वाजलं होतं. टॉवर मध्ये आला म्हणून देवी काही जागेवरून हलली नव्हती. पोरांना त्याने भिंत सांगितली, नदी सांगितली, वेळ सांगितली. हे सांगायचं त्याच्या डोक्यातच आलं नाही. श्वास घ्यायची आठवण कोण करून देतं?

गाणं संपलं. ट्रॉली मुकाट नदीकडे वळली आणि दुसरं गाणं सुरू झालं. पण मॅडमचं पेन तोवर बाहेर आलं होतं.

"बावन्न," त्या म्हणाल्या. त्यांनाही ते आवडलेलं नव्हतं, पण आवडीनिवडीचा रकाना फॉर्मवर नसतो.

"मॅडम, आता बघा ना, आता फिरवलाय त्यांनी."

"दादा, मोजणी एकदाच. पुन्हा मोजायचं तर तक्रारदाराने तसं लिहून द्यावं लागतं."

भगवंताची मान खाली गेली. ज्या बाईची चार वर्षं झोप उडवली, तिच्याकडे कुठल्या तोंडाने बघायचं? वीस वर्षांचं लॉन एका गाण्यात गेलं असं त्याने मनाशी धरलं.

संजीवनीबाई खुर्चीत बसून पदराने चष्मा पुसत होत्या. "तो कागद द्या इकडे," त्या म्हणाल्या.

"बाई, नियमात देवीसाठी सूट नाहीये हां," मॅडम म्हणाल्या.

"ठाऊक आहे, वाचलाय मी. पण तक्रार माझीच ना? मग माझी तक्रार दुसऱ्या गाण्यापासून पुढची आहे, असं लिहून देते." बाईंनी चष्मा नाकावर चढवला. "पहिलं गाणं देवीचं, चार मिनिटांचं. ते झालं की हे लोक गाडी देवळाकडून फिरवतात. चार वर्षं जागी आहे मी, मला नाही माहीत तर कुणाला?"

त्यांनी लिहिलं, सही केली, खाली तारीखही घातली. मॅडमनी यंत्र पुन्हा चालू केलं. खाली बँजो जोरात चालला होता. आकडा बेचाळीसपाशी थांबला आणि तिथून हलला नाही.

भगवंताचा जीव भांड्यात पडला. बाईंचे पाय धरावेत असं त्याला वाटलं, आणि वाटलं तसा तो वाकलाही. "बाई, लय उपकार झाले. पहिलं गाणं पण हळू लावायला सांगतो पोरांना."

"काही नको," बाई म्हणाल्या. "तुमचं तुम्ही वाजवा. काच केव्हा ओढून घ्यायची ते माझं मी बघेन."

पुढच्या आठवड्यात लॉनमध्ये हळद होती. दिवेलागणीला चेतनने ट्रॉली देवळाकडे वळवली आणि देवीचं गाणं धरलं. भगवंताने वर पाहिलं. टॉवरच्या सगळ्या खिडक्या बंद होत्या, फक्त तिसऱ्या मजल्यावरची एक सताड उघडी होती आणि तिच्यात बाई खुर्ची ओढून बसल्या होत्या.

गाणं संपलं. बाई सावकाश उठल्या आणि त्यांनी काच ओढून घेतली. मग भगवंताने चेतनला हात केला, आणि ट्रॉली नदीकडे फिरली.