सातमाशी

"साडेतीन किलो? आणि म्हणे सातमाशी!" शेजारच्या मीनलकाकूंनी बाळाला पुन्हा एकदा हातांवर तोलून पाहिलं.

सिंगापुरातल्या बुकित पंजांगच्या त्या फ्लॅटमध्ये बारशाला जमलेल्या बायका खुसूखुसू हसल्या. अनुयाही हसली. "इथली हवा मानवली असेल, काकू."

ही थाप तिने खास सासूबाईंसाठी रचली होती. लग्न जानेवारीत, मुलगी ऑगस्टमध्ये. उरलेले दोन महिने कुठून आणायचे? राजस, तिचा नवरा, म्हणाला होता, "आईला सरळ सांगू या." तिने ऐकलं नाही. सासूबाई, शुभदाताई, पुण्यातल्या मुलींच्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. खरं कळल्यावर त्यांनी नातीच्या कानात नाव सांगायलाच नकार दिला तर? बाळाला आत्या नव्हती. तो मान त्यांचाच होता.

विद्यापीठात मात्र अनुया याच विषयावर निर्भयपणे लिही. वसाहतकाळातल्या अमेरिकेत, न्यू इंग्लंडमध्ये अविवाहित बाळंतिणीला सुईण ऐन कळांमध्ये बापाचं नाव विचारी. त्या क्षणी उच्चारलेलं नाव न्यायालयात पुरावा ठरे. लग्न झालेल्यांचीही सुटका नसे. मूल फार लवकर आलं, की सज्जन शेजारी महिने मोजत, आणि कित्येक गावांत जोडप्याने भर चर्चमध्ये पाप कबूल केल्यावाचून बाळाचा बाप्तिस्मा अडून राही. त्या सज्जनांच्या बोटांवर तिने चाळीस पानं संताप ओतला होता.

आता मीनलकाकूंची बोटं एकेक उघडत होती. "फेब्रुवारी, मार्च, एप्रिल…"

तीन शतकांत पद्धत तसूभरही सुधारली नव्हती.

राजस लगबगीने पुढे झाला. "काकू, पेढा घ्या ना, लिटिल इंडियातून ताजे आणलेत."

"थांब रे, चुकवू नकोस मला. मे, जून…"

पाळण्याशी उभ्या शुभदाताईंनी हात पुढे केले. "द्या तिला इकडे."

आवाज वर्गातला होता. पण आपल्या लेकीचं नाव थापेवर ठेवलं जाणं अनुयाला अचानक असह्य झालं.

"आई, ती सातमाशी नाही. पूर्ण दिवसांची आहे. मी खोटं बोलले."

पेढा राजसच्या हातातच राहिला. शुभदाताईंनी सुनेकडे क्षणभर रोखून पाहिलं, नातीला छातीशी धरलं, आणि तिच्या इवल्याशा कानाशी वाकून नाव सांगितलं: "पूर्वी."

मग त्या वळल्या.

"मीनलबाई, बोटं मिटा बघू. आमच्या लग्नात हा राजस चार महिन्यांचा होता, आणि अक्षता तोंडात घालत होता."