‘नाही’सुद्धा नाही

संसदेच्या समितीत खासदार व्हिटकॉम इंग्रजीत गरजत होते, पण आल्बर्टीनच्या हेडफोनमध्ये त्याचं फ्रेंच येत होतं ते दुभाष्या बाईच्या मऊ आवाजात. कारखान्यातली कालवं विषारी आहेत हे मालक सावोआंना कळल्यावर त्यांना गप्प बसायला तुम्हीच सांगितलंत की नाही, असं ते विचारत होते. लोणी लावून शिवी वाढावी तसं ते ऐकू येत होतं.

साक्षीदाराच्या टेबलाशी आल्बर्टीनची मुलगी मिरेय बसली होती. मागच्या खुर्चीवरून तिची ताठ पाठ आणि घट्ट बांधलेले केस तेवढे दिसत होते.

"अशिलाशी माझं काय बोलणं झालं, ते मी सांगू शकत नाही," मिरेय फ्रेंचमध्ये म्हणाली. लेकीचा आवाज ऐकायला आल्बर्टीनने हेडफोन काढला.

गोएलाँ गावाने निकाल कधीच लावून टाकला होता. गावातल्या कारखान्याची कालवं खाऊन माणसं आजारी पडली होती, एक म्हातारा दगावला होता. तपासणीत काय निघालं ते मालक एफ्रेम सावोआला आधीच ठाऊक होतं, हेही बाहेर आलं होतं. मग एवढा भित्रा माणूस स्वतःच्या हिमतीवर गप्प बसला कसा? वकीलबाईंनी बसवला. चर्चच्या जेवणाला फ्रिकोचा कोंबडी-बटाट्याचा रस्सा वाढताना बायका म्हणायच्या, आल्बर्टीन, कुठल्या पातेल्यावर झाकण ठेवायचं ते लेकीला विचार हो. आल्बर्टीनने खरंच विचारलं होतं. मिरेयने आईचा हात हातात घेतला होता आणि होडी किनाऱ्यावर कधी ओढून घ्यायची, असा दुसराच विषय काढला होता. आल्बर्टीनचा जीव तेव्हापासून टांगणीला लागला होता, कारण उत्तर तिलाही माहीत नव्हतं.

व्हिटकॉम आता वाकून बोलत होते, म्हणून आल्बर्टीनने हेडफोन पुन्हा लावला. वकिलाची गुपितं कोर्टात चालतात, संसदेच्या समितीपुढे चालत नाहीत. उत्तर दिलं नाही तर तो सभागृहाचा अवमान. अध्यक्षांनीही, नाइलाजाने का होईना, तसंच बजावलं. मिरेय म्हणाली की समितीच्या अधिकाराबद्दल तिला वाद घालायचा नाही. पण ते बोलणं तिच्या मालकीचं नव्हे, अशिलाच्या मालकीचं आहे. अशिलाने मोकळीक दिली तर ती याच खुर्चीत बसून सगळं सांगेल.

साऱ्या खोलीच्या नजरा आल्बर्टीनच्या पुढच्या रांगेकडे वळल्या. तिथे एफ्रेम सावोआ बसला होता. त्याचा एक शब्द पुरला असता. त्याने मांडीवरची टोपी उलटी केली, सुलटी केली, आणि तिच्या आत बघत राहिला.

मिरेयने मागे वळून पाहिलं नाही.

मग समितीतल्या दुसऱ्या खासदार नोएला बिसोंची पाळी आली. त्या गोएलाँच्याच किनाऱ्यावरच्या, आणि मिरेयच्या बाजूने होत्या हे सगळ्यांना कळत होतं. धक्क्यावर उभ्या असल्यासारख्या त्या सहज बोलल्या.

"वकीलबाई, तुमच्यात काय बोलणं झालं ते मी विचारतच नाही. गप्प बसा असा सल्ला तुम्ही दिला नव्हता, एवढंच विचारते. एकदा ‘नाही’ म्हणा, आणि आपण सगळे जेवायला जाऊ."

दोघंतिघं हसले. आल्बर्टीन खुर्चीच्या कडेला सरकली. म्हण, पोरी. नुसतं नाही म्हण.

मिरेयने पुढ्यातला पाण्याचा ग्लास जरा बाजूला सरकवला.

"आज मी इथे ‘नाही’ म्हटलं," ती म्हणाली, "तर उद्या याच खुर्चीत जो वकील गप्प बसेल, त्याच्या गप्प बसण्याचा अर्थ ‘हो’ असा होईल. म्हणून ‘नाही’सुद्धा मी म्हणणार नाही."



आल्बर्टीनला गावच्या चर्चचे फादर तेलेस्फोर आठवले. लग्न नवं होतं, आणि नवऱ्याबद्दल तिच्या मनात किडा वळवळत होता. तो फादरपुढे पापांची कबुली देऊन गेला, तसं तिने फादरना गाठलं होतं. दुसऱ्या कुणा बाईचं काही बोलला का? नसेल तर नाही म्हणा, मी सुखाने घरी जाते. फादरनी तिला चहा दिला, वाऱ्याबद्दल बोलले, आणि ‘नाही’ म्हणाले नाहीत. किती तरी दिवस तिने त्यांच्याशी अबोला धरला होता. पुढे तिची स्वतःची एक गोष्ट मनात मावेना, तेव्हा मात्र ती शेजारच्या गावच्या चर्चमध्ये गेली नाही. त्यांच्याकडेच गेली.

अध्यक्षांनी जाहीर केलं की हा नकार सभागृहाला कळवला जाईल. साक्षीदाराला तिथे उभं राहावं लागेल, कदाचित सगळ्यांसमक्ष कडक समज ऐकून घ्यावी लागेल. मिरेय म्हणाली, येईन.

माणसं उठली. सावोआ आल्बर्टीनच्या शेजारून जाताना थबकला. मग टोपी कपाळावर ओढून निघून गेला.

बाहेर येताच आल्बर्टीनचा फोन वाजला. शेजारची झेली. गावच्या हॉलमध्ये सगळ्यांनी मिळून टीव्हीवर पाहिलं होतं. मागे खुर्च्या सरकल्याचे आणि कुणीतरी कुणाला गप्प केल्याचे आवाज येत होते.

"त्यांना नाही सांगितलं, ठीक आहे," झेली म्हणाली. "पण तू आई आहेस. तुला तर सांगितलं असेल की नाही?"

दाराशी मिरेय वाकून बुटांचे बंद बांधत होती. आल्बर्टीनने तिच्याकडे पाहिलं. लेक वकिलीची परीक्षा पास झाली तेव्हा गावभर सांगत फिरताना लागला होता, तो सूर पुन्हा लागला. जिन्याशी पोचलेले व्हिटकॉमसुद्धा वळून बघायला लागले.

"मला?" ती म्हणाली. "मलासुद्धा काही सांगत नाही ती."