लायब्ररीतली नोकरी

विश्रांतवाडीच्या हिंमतरावांनी सगळ्या सोसायटीला सांगून ठेवलं होतं, की आमची अक्षता आयर्लंडला शिकता शिकता लायब्ररीत काम करते आणि खोलीचं भाडं, खाणंपिणं सगळं स्वतःचं स्वतः भागवते. घरात त्यांची म्हातारी आई अंथरुणाला खिळलेली होती. तिचं सगळं ब्युरोतून आलेल्या मावशी करायच्या. हिंमतराव दारातूनच चौकशी करून मागे फिरायचे. "शिकल्यासवरल्या माणसाची कामं नव्हेत ही," असं ते मावशींच्या देखतच म्हणायचे.

त्या रविवारी मावशी लग्नाला गावी गेल्या आणि नेमकी आईची चादर ओली झाली. हिंमतराव आणि त्यांची बायको तिला उचलायला गेले, तशी ती कळवळली. तेवढ्यात अक्षताचा व्हिडिओ कॉल आला.

"बाबा, उचलू नका! आजीचा गुडघा दुमडा आणि अलगद कुशीवर वळवा. ओली चादर तिच्या पाठीपर्यंत गुंडाळत न्या, मागोमाग कोरडी अंथरा. आता दुसऱ्या कुशीवर घ्या. आणि तिच्याशी बोलत राहा, म्हणजे ती घाबरणार नाही."

पाच मिनिटांत काम झालं. आईचा डोळा लागला. हिंमतराव फोन घेऊन गॅलरीत आले.

"काय गं, तुमच्या लायब्ररीत अशी किती माणसं झोपून असतात?"

 

"माझ्याकडे अकरा आहेत, बाबा."