ईश्वराच्या छत्राखाली

एकोणीसशे चोपन्न सालचा चार जुलै, अमेरिकेचा स्वातंत्र्यदिन. आपण देव न मानणाऱ्या रशियासारखे नाही हे दाखवायला ध्वजाच्या प्रतिज्ञेत सरकारने 'ईश्वराच्या छत्राखाली' हे शब्द घालून जेमतेम तीन आठवडे झाले होते. ओहायोतलं ते अख्खं गाव मैदानात छातीवर हात ठेवून प्रतिज्ञा म्हणत होतं, तेवढ्यात डेल्बर्ट खाटकाच्या कानांनी टिपलं: शेजारच्या मर्ल न्हाव्याने नेमके तेच शब्द खाल्ले.

"देवाला गिळलास होय रे, रशियाच्या कुत्र्या?" म्हणत डेल्बर्टने एका गुद्द्यात त्याचे तीन दात पाडले.

"सवय रे बाबा, तीस वर्षांची!" मर्ल रक्त थुंकत ओरडला. "तू म्हणून दाखव की, मोठा देवभक्त लागून गेलास!"

डेल्बर्टने छाती फुगवून खणखणीत आवाजात प्रतिज्ञा म्हटली आणि तोही तिथेच चुकला. मर्लच्या भावाने त्याचं नाक फोडलं. मग लोकांनी भावाला म्हणायला लावलं आणि त्याच्या बरगड्या मोडल्या. दुपारपर्यंत पाद्रीबाबांसकट सगळं गाव गवतावर आडवं झालं होतं.



सुजल्या डोळ्यांनी डेल्बर्टने पाहिलं, धड उभा होता तो फक्त ऑर्व्हिल, गावातला एकमेव नास्तिक. ते शब्द काढून टाका, असा कोर्टाला अर्ज लिहिता लिहिता त्याला नवी प्रतिज्ञा शब्दन् शब्द पाठ झाली होती.